कूलर स्वतः बांधणार आहेस ना, मग हे ऐकून घे

अगं, नागपुरात वरच्या मजल्यावरची खोली म्हणजे एप्रिल-मे कसा जातो, ते तुला मी वेगळं सांगायला नको. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत आग ओकत राहतो. सीलिंग फॅन लावावा तर छताजवळची गरम हवाच अंगावर येते. सकाळी डोळे चुरचुरतात, ऑफिसात दुपारी पेंग येते आणि आईला फोनवर मात्र ‘सगळं छान आहे’ म्हणावं लागतं. एसी लावायचा तर घरमालक वायरिंगला हात लावू देत नाहीत. शिवाय दीड टनाचा एसी चालू असताना साधारण दीड हजार वॅट ओढतो, ते बिल पहिल्या नोकरीच्या पगारात बसत नाही. कूलरचं काम दीडशे-दोनशे वॅटमध्ये भागतं. म्हणून तू तो स्वतः बांधायचं ठरवलंस, ते अगदी योग्य केलंस.

आता तू कुठे अडली आहेस तेही मला ठाऊक आहे. पंप मिळाला तर मोटर नाही, मोटर मिळाली तर तिच्या दांड्यावर बसेल असं पातं नाही. गवत आहे म्हणतात, पण हातात घेतलं की निम्मा भुगाच. शिवाय दुकानदार तुझ्याकडे बघून म्हणतो, ‘मॅडम, घरी कुणी माणूस असेल तर त्याला पाठवा.’ चार दुकानं हिंडून असं ऐकलं की वाटतं, जाऊ दे, हे आपलं काम नाही. ते मनातून काढून टाक. कूलरमध्ये कळायला अवघड असं काहीही नाही. कोणता भाग कशासाठी आहे हे एकदा समजलं की तो मिळाला नाही तरी त्याच्या जागी काय चालेल ते आपोआप सुचतं. फक्त विजेच्या बाबतीत हा जुगाड चालत नाही. तिथे जे लागतं ते लागतंच. हे दोन्ही मनात धरून पुढचं ऐक.

आधी कूलर गार कसा करतो ते समजून घे. माठातलं पाणी गार होतं तसंच हे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता ते हवेतून ओढून घेतं. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता खातं. एक किलो बर्फ वितळताना खातो फक्त 334. म्हणजे गारवा देण्यात एक लिटर पाण्याची वाफ सात किलो बर्फाला भारी आहे. म्हणून थर्माकोलच्या डब्यात बर्फ आणि वर छोटा पंखा असले प्रयोग कुणी दाखवले तर नादी लागू नकोस. तो बर्फ ज्या फ्रिजमध्ये केलास, त्या फ्रिजने मागच्या जाळीतून तेवढीच आणि वर थोडी जास्तच उष्णता तुझ्या खोलीत सोडलेली असते. टाकीत बर्फाचे खडे टाकूनही थोडा वेळ बरं वाटण्यापलीकडे काही होत नाही. कूलरचा सगळा जीव वाफेत आहे.

वाफ किती होणार हे हवेच्या कोरडेपणावर अवलंबून. नागपूर, अकोला, चंद्रपूर इथे मे महिन्याच्या दुपारी पारा 44 वर आणि हवेतला दमटपणा पंधरा टक्क्यांवर असतो तेव्हा पाणी हवेला जास्तीत जास्त 23 अंशांपर्यंत खाली आणू शकतं. हाताने बांधलेला कूलर तिथवर पोचत नाही. पण गवत चांगलं आणि पाणी सगळीकडे सारखं असेल तर त्याच्या तोंडातून 28 अंशांच्या आसपासची हवा यायला हरकत नाही. हाच कूलर मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या मावशीकडे नेलास तर नुसता चिकचिकाट करील, कारण तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली. आपल्याकडेही मृगाचा पाऊस पडून गेला, पारा 36 आणि दमटपणा साठ टक्के झाला की हीच मर्यादा 29 च्या वर सरकते. तेव्हा कूलर बिघडला म्हणून मोटर खोलत बसायचं नाही. पंप बंद करायचा आणि नुसता पंखा चालवायचा.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर एक साधा काचेचा तापमापक घे, प्रयोगशाळेत असतो तसा, तापाचा नव्हे. त्याच्या टोकाला ओली मलमलची चिंधी गुंडाळ आणि टेबलफॅनसमोर धर. चारपाच मिनिटांत पारा खाली येऊन एका जागी थांबेल. तो आकडा म्हणजे त्या दिवशी, त्या घटकेला तुझ्या कूलरची शेवटची पायरी. कूलर बांधून झाल्यावर त्याच्या तोंडाशी तापमापक धरलास की आपण त्या पायरीच्या किती जवळ आलो ते कळेल. मग कुणी काहीही सांगो, तुझ्याकडे तुझं माप असेल.

आता बॉडी. नवी घ्यायची गरज नाही. विदर्भात घराघरांत पत्र्याचे कूलर आहेत आणि त्यातले कितीतरी टाकी गळते एवढ्याच कारणाने भंगारात जातात. असा सांगाडा मिळाला तर वरचा पत्रा दाबून बघ. कोपऱ्यांचे अँगल शाबूत असतील आणि फक्त तळ सडला असेल तर तो वाचवता येतो. गंज ब्रशने खरवडून काढायचा, भोकं एम-सीलने बुजवायची, सुकल्यावर आतून डांबरी काळ्या रंगाचे दोन हात द्यायचे. रंग पूर्ण वाळल्याशिवाय पाणी भरू नकोस. तळ फारच गेला असेल तर सांगाड्याच्या आत बसेल असा प्लास्टिकचा पसरट टब ठेवायचा, तीच टाकी. सांगाडाच मिळाला नाही तर निळा प्लास्टिकचा ड्रम घेतात, त्याला तीन बाजूंनी खिडक्या कापतात. पण ड्रम कशासाठी वापरला होता ते विचारून घे. रसायनाचा असेल तर फुकट मिळाला तरी नको, त्यातली हवा तू रात्रभर श्वासात घेणार आहेस.

माप असं धर. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे बाराशे घनफूट हवा. ती दर दोनतीन मिनिटांनी पूर्ण बदलली पाहिजे, आणि वर उघडा स्लॅब असेल तर त्याहूनही लवकर. त्यासाठी पंधरा-सोळा इंची पंखा पुरतो. गवताच्या जाळ्यांचं एकूण क्षेत्रफळ मात्र पंख्याच्या तोंडाच्या निदान चारपाच पट हवं. दोन फूट बाय दोन फुटांच्या तीन जाळ्या असल्या तर काळजीच नको. जाळी लहान आणि पंखा जोरकस असला तर हवा गवतातून इतक्या घाईने जाते की तिला गार व्हायला सवडच मिळत नाही, वर पाण्याचे शिंतोडे अंथरुणावर येतात.

पंख्यावर जरा थांबूया, कारण सर्वांत जास्त अडतं ते इथेच. घरातला टेबलफॅन लावून चालेल का, असं तुझ्या मनात आलं असेल. नाही चालणार. टेबलफॅनचं पातं मोकळ्या हवेसाठी असतं, ओल्या गवतातून हवा ओढायची म्हटलं की त्याचा दम तुटतो. कूलरची मोटर मिळत नसेल तर तिच्या जागी एक्झॉस्ट फॅन चालतो, तो इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि त्याची रिंगही सोबत येते. 1400 फेऱ्यांचा आणि 900 फेऱ्यांचा असे दोन प्रकार सर्रास असतात. झोपायच्या खोलीला 900 चा घे, आवाज कमी येतो. एक मात्र बघून घे. भिंतीतला एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो, तुला त्याचं फेकायचं तोंड खोलीकडे हवंय. बसवण्याआधी समोर कागदाची पट्टी धर, पट्टी उडते ती बाजू खोलीत.

जुनी मोटर मिळाली आणि पातं मिळेना, असं झालं तर नुसतं ‘सोळा इंची पातं द्या’ म्हणू नकोस. मोटरच उचलून दुकानात ने. दांड्याची जाडी वेगवेगळी असते, पात्याच्या मधल्या बुशचं भोक तिच्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे. सैल बुश कागद कोंबून घट्ट केला तर पातं थरथरतं आणि एके दिवशी सुटतं. हातात नमुना असला की दुकानदाराची बोलायची तऱ्हा कशी बदलते ते बघच. ‘ह्या दांड्याला बसेल असं, घड्याळाच्या उलट फिरणारं’ असं म्हणालीस की तो माणूस पाठवा म्हणणार नाही, खोके खाली काढील. मोटर फिरायची दिशा घरीच बघून, तिच्यावर खडूने बाण काढून ने. दिशा उलटी पडली की पंखा फिरतो खरा, पण वारा नीट येत नाही.

मोटर नुसती गुरगुरते आणि काठीने ढकललं की फिरू लागते, तर ती जळलेली नाही. तिचा कंडेन्सर गेलाय. जुन्यावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो, बरोबर त्याच आकड्याचा आण. मोठा घातला की वेग वाढतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस, मोटर तापते. आणि कंडेन्सरच्या उघड्या टोकांना बोट लावू नकोस, प्लग काढला तरी त्यात थोडी वीज साठून राहिलेली असू शकते.

पातं आणि भोवतालची रिंग यांच्यात बोटभरापेक्षा जास्त फट नको. फट मोठी राहिली तर पंख्याने पुढे ढकललेली हवा त्या फटीतून पुन्हा मागेच येते. तुला वाटतं पंखा जोरात आहे आणि पलंगापर्यंत काही पोचत नाही. रिंग मोठी असेल तर आतून पत्र्याची पट्टी रिव्हेट करून फट कमी करता येते.

पंपाचं काम एकच, टाकीतलं पाणी वरपर्यंत चढवायचं. म्हणून पंप घेताना वॅट विचारण्याआधी तो किती उंच पाणी चढवतो ते विचार. तीन फुटांच्या कूलरला पाच-सहा फूट चढवणारा पंप घे, म्हणजे गाळ साचला तरी पाणी वर पोचेल. कूलरचा पंप मिळाला नाही तर मत्स्यालयाच्या दुकानातला पाण्यात बुडणारा पंप चालतो, खोक्यावर उंची लिहिलेली असते. पंप कधीही कोरडा चालू देऊ नकोस, पाणीच त्याला गार ठेवतं. त्याच्याभोवती जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा सैलसर बांध, गवताचे तुकडे आत जाणार नाहीत. दर आठवड्याला तो तुकडा सोडून धुवायचा.

वरून पाणी सोडणारी पन्हळ बाजारात स्वतंत्र मिळणं कठीण, आणि ती मिळाली नाही म्हणून कितीजणांचं काम तिथेच थांबतं. यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय शेतातला आहे. आपल्याकडे तालुक्याच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ठिबकचं सामान असतं. तिथून 16 मिलिमीटरची ड्रिपर नसलेली साधी लॅटरल नळी घे, सोबत टी, एल्बो, शेवटचं बूच आणि एक छोटा कॉक. पंपापासून एक नळी वर आण, टी लावून तिन्ही जाळ्यांच्या माथ्यावरून फिरव, टोकं बंद कर. मग दर दोन इंचांवर दोन मिलिमीटरची भोकं पाड. भोकं वरच्या बाजूला ठेव. पाणी वर उसळून नळीच्या दोन्ही अंगांनी ओघळतं, आणि नळीच्या तळाशी बसलेला गाळ भोकांत अडकत नाही. प्रत्येक जाळीच्या सुरुवातीला कॉक असला तर कुठे किती पाणी जावं ते तूच ठरवशील. पंपापासून लांबची भोकं कमी पाणी देतात, तिथे दोन भोकं जास्त पाड. हे सगळं सामान पिशवीत मावतं, आणि उद्या काही फुटलं तर गावाकडच्या दुकानातही मिळतं.

आता गवत. आपण कूलरचं गवत म्हणतो तो खरं म्हणजे मऊ लाकडाचा लांब, कुरळा किस असतो. विकत घेताना मूठभर हातात घेऊन झटक. भुगा खाली पडला तर परत ठेव. धागे लांब, हलके आणि दाबले की पुन्हा फुलणारे हवेत. चांगलं गवत मिळालं नाही तर वाळा मिळतोय का बघ. वाळ्याच्या ताट्या ओल्या करून दारा-खिडक्यांना लावायची रीत कूलर येण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे, आणि पहिल्या पाण्याला जो वास सुटतो त्याने खोलीत आल्याआल्या जीव निवतो. वाळा महाग पडतो, म्हणून एका जाळीत वाळा आणि दोन जाळ्यांत गवत असं कर. नारळाचा काथ्याही चालतो, पण तो आधी दोनतीन पाण्यांतून काढ, नाहीतर टाकीतलं पाणी तांबडं होतं. गोणपाट मात्र नको. त्याच्या विणीतून हवा जात नाही, आणि दोन दिवसांत कुबट वास मारतो. हनीकोंब पॅड टिकाऊ असतात, पण ते सांगाड्याच्या मापात मिळाले तरच घे. कापून बसवताना कडेला फट राहिली तर पैसे वाया.

गवत भरणं हे कूलरमधलं खरं कौशल्याचं काम आहे, म्हणून ते घाईत करू नकोस. जाळी जमिनीवर आडवी ठेव, गवत आधी ओलं करून पिळून घे, म्हणजे भुसा नाकात जात नाही. दोन इंचांचा सारखा थर पसर, वरून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठेव आणि सुतळीने चार ठिकाणी आरपार टाके घाल. टाके घातले नाहीत तर ओलं गवत स्वतःच्या वजनाने खाली बसतं, माथ्यावर रिकामी जागा पडते आणि हवेला नेमकी तीच वाट आवडते. भरून झाल्यावर जाळी उन्हाकडे उभी धर आणि डोळे किलकिले करून बघ. सगळीकडे सारखाच मंद उजेड झिरपला पाहिजे. जिथे लख्ख कवडसा दिसेल तिथे चिमूटभर गवत घाल, जिथे काळं दिसेल तिथलं थोडं मोकळं कर.

कूलर बसवून झाला की पंप आधी दहा मिनिटं चालव, गवत भिजू दे. मग पंखा लाव आणि उदबत्ती पेटवून बाहेरच्या बाजूने सांध्यासांध्यांवरून फिरव. धूर गवताकडे ओढला जायला हवा. तो एखाद्या कोपऱ्यात, टाकीच्या कडेला, स्क्रूच्या भोकाकडे झपकन वळला तर तिथून तापलेली कोरडी हवा फुकटात आत येतेय. पॅकिंगची पट्टी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावून ती वाट बंद कर. एवढ्याशा कामाने दोनतीन अंश सहज उतरतात.

आता खोलीचं बघू. कूलर खिडकीबाहेर बसव, त्याची गवताची बाजू मोकळ्या हवेत हवी आणि शक्यतो सावलीत. कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या लावून घेतल्या तर तोच तोच ओला वारा फिरत राहतो, तासाभरात चादर दमट आणि अंग चिकट. जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर गेली पाहिजे. म्हणून कूलरच्या समोरच्या अंगाची खिडकी उघडी ठेव. एकटी राहतेस, रात्री खिडकी उघडी टाकायची भीती वाटते, हे मला कळतं. वरची झडप किंवा जाळीचं दार उघडं ठेवलं तरी चालतं, गज आणि मच्छरदाणीची जाळी लावून घे, पण हवेला वाट दे. वाट कमी पडतेय का ते दार सांगतं. कूलर लावल्यावर दार आपोआप धाडकन बंद होत असेल तर खोलीत हवा कोंडतेय. शेगडी त्याच खोलीत असेल तर वारा तिच्यावर येऊ देऊ नकोस. ज्योत विझली आणि गॅस चालूच राहिला तर घोटाळा होईल.

पाण्याचाही हिशेब ठेव. मोठा कूलर भर मेमध्ये तासाला दहा लिटरच्या आसपास पाणी पितो. नळ येणार दिवसातून एकदा, तेव्हा साठवणीचा विचार आधी कर. टाकीला अर्ध्या इंचाचा बॉलकॉक लावलास तर रात्री उठून बादल्या ओतायला नकोत. तो कूलरच्या दुकानात मिळाला नाही तर नळाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. बोअरचं पाणी जड असतं, वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. गवतावर पांढरी खरपुडी दिसली की समज, हवेची वाट बुजत चालली. उपाय साधा आहे, टाकीतलं पाणी सगळं संपेपर्यंत वापरायचं नाही, आठवड्यातून एकदा बूच काढून ते झाडांना किंवा अंगण धुवायला सोडून द्यायचं. आरओचं वाया जाणारं पाणी वापरायला हरकत नाही, पण त्यात क्षार अधिक असतात. तेव्हा ते साध्या पाण्यात मिसळ आणि टाकी लवकर रिकामी कर.

टाकी रिकामी करायचं दुसरं कारण याहून मोठं आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि कूलरची टाकी ही त्याची आवडती जागा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पाणी ओतून दिलं म्हणजे झालं असं नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. काथ्याने भिंती खसखसून घास, मग उन्हात सुकव. रविवारी सकाळी अर्धा तास जातो. तेवढा दे.

आणि आता ज्याला पर्याय नाही म्हणाले ती गोष्ट. लोखंडी बॉडी, पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि वीज, हे सगळं कूलरजवळ एकत्र येतं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. लहान मुलं जातात, पाणी भरायला गेलेल्या आया-बहिणी जातात. महावितरण दरवर्षी आवाहन करतं, आणि ते आवाहन वाचून आपण पान उलटतो. तू असं करू नकोस.

वायर तीन तारांचीच घे, प्लग तीन पिनांचा. हिरवी तार बॉडीच्या पत्र्याला, रंग खरवडून, बोल्टने घट्ट आवळलेली हवी. मोटरचं अंगही त्याच तारेला जोडलेलं हवं. ड्रमचा कूलर असेल तरी मोटरला अर्थिंग लागतंच, प्लास्टिक आहे म्हणून सुटका नाही. पण ही तार पुढे जमिनीपर्यंत पोचते का, हे बोर्डाच्या तिसऱ्या भोकाकडे बघून कळत नाही. जुन्या घरांत ते भोक नुसतं शोभेचं असतं, आत तारच नसते. म्हणून परवानाधारक वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घे आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घे. गळती होताच तो क्षणात वीज तोडतो. घरमालक कुरकुर करतील. त्यांना शांतपणे सांग की भाडं मी देते, एसी मागत नाही, एवढं मात्र करावंच लागेल. त्यात संकोच कसला? खर्च वाटून घ्यायची तयारी दाखव, पण माघार घेऊ नकोस. अर्थिंगची तार नळाला किंवा गॅसच्या पाइपला बांधून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला तिथूनच परत पाठव.

रोजची शिस्तही ठरवून टाक. पाणी भरायचं तर बटण बंद करून भागायचं नाही, प्लग काढायचा. पायांत रबरी चपला, हात कोरडे. टाकीत बोट घालून पाणी गार झालं का बघायचं नाही. वायरला जोड नको, आणि असलाच तर तो टाकीपासून दूर आणि उंच. टेस्टर बॉडीला लावून तो पेटला तर कूलर त्याच क्षणी बंद. आणि नाही पेटला म्हणून निर्धास्तही राहू नकोस, टेस्टरला सगळं कळत नाही. मैत्रिणी राहायला आल्या, घरमालकांची नात वर खेळायला आली, तर हे नियम त्यांनाही सांग.

सामानाची वेळ मात्र सांभाळ. एप्रिलात पारा चढला की सगळं शहर एकदम कूलरकडे धावतं, चांगलं गवत आणि मोटरी संपतात, वायरमनला फुरसत नसते. होळीच्या आधी सीताबर्डी आणि इतवारी पालथी घालायची, पत्रा-जाळीचं काम लोहा ओळीत बघायचं, गुढीपाडव्याला कूलर उभा. नवतपा सुरू होईपर्यंत त्याचे सगळे सांधे तुझ्या ओळखीचे झालेले असतील. आणि पाऊस स्थिरावला की टाकी सुकवून, गवत काढून टाकून, मोटरच्या बुशमध्ये तेलाचे दोन थेंब सोडून तो झाकून ठेव, पुढच्या वर्षी निम्मं सामान शोधावंच लागणार नाही.

तू हे करशील याची मला खात्री आहे. पातं मिळालं नाही तर दुसरं दुकान बघ, पन्हळ मिळाली नाही तर ठिबकची नळी लाव, गवत वाईट निघालं तर वाळा आण. अर्थिंग मिळालं नाही तर मात्र दोन रात्री ओली चादर पांघरून, गच्चीवर झोपून काढ, पण कूलरचा प्लग लावू नकोस. उद्या सामान आणायला निघण्याआधी वायरमनला फोन कर.